ताबा कुणाचा?

चौथ्या शतकाच्या अखेरीस आलिपियस नावाचा एक तरुण उत्तर आफ्रिकेतून कायदा शिकायला रोमला आला. माणसांना एकमेकांच्या जिवावर सोडून मजा बघण्याचा जो खेळ तिथल्या ॲम्फिथिएटरात चाले, त्याची त्याला मनापासून किळस होती. एके दिवशी जेवून परतणाऱ्या मित्रांच्या तावडीत तो सापडला आणि ते त्याला ओढत तिकडे घेऊन निघाले. शरीर न्या खुशाल, डोळे आणि मन तुम्ही कसे नेणार, अशा अर्थाचं काहीतरी तो त्यांना म्हणाला. आत जाऊन बसल्यावर त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात आखाड्यात कुणीतरी कोसळलं, हजारो प्रेक्षकांचा एकदम गलका उठला आणि आलिपियसनं डोळे उघडले. मग ते मिटलेच नाहीत. तो बघत राहिला, ओरडू लागला, पुढे आपणहून जाऊ लागला आणि जाताना इतरांनाही बरोबर नेऊ लागला.

ही हकिकत त्याचा जिवलग मित्र ऑगस्टिन यानं ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. आलिपियसचा सगळा भरवसा स्वतःवर होता आणि घात तिथेच झाला, असं त्याचं निदान. वरवर हे प्रवचनातलं ठरावीक वाक्य वाटतं. पण प्रसंग जरा उलगडून पाहावा. आलिपियसला घरी जाता आलं असतं. निदान रस्त्यात बसकण मारता आली असती. तो आत गेला, कारण आपल्याला यातलं काही होत नाही हे त्याला मित्रांना दाखवायचं होतं. डोळे मिटून बसलेल्या त्या माणसाच्या मनात त्या क्षणी आखाड्याखेरीज दुसरं काय असणार? त्याचा संयम हाही एक खेळच होता, आणि तिथे प्रेक्षकांत तो स्वतःच बसला होता.

चर्चमध्ये संयमाबद्दल साधारण दोन तऱ्हेनं बोललं जातं. उपवासकाळ आला की पहिली तऱ्हा. राखेच्या बुधवारपासून मांस सोडा, दारू सोडा, मोबाइल बाजूला ठेवा, मन घट्ट करा. ईस्टरच्या दुपारी हे सगळं व्याजासकट परत येतं, हे सांगणाऱ्या फादरांनाही ठाऊक असतं. दुसरी तऱ्हा प्रार्थनासभांमधली. तुम्ही काही करू नका, सगळं प्रभूच्या हाती सोपवा, तो बघून घेईल. माणूस रडून रडून सोपवतो, हलका होऊन घरी जातो आणि मंगळवारपर्यंत सोपवलेलं सगळं परत घेऊन बसतो. पुढच्या सभेत पुन्हा सोपवतो. पहिल्या वाटेनं माणूस थकतो. दुसरीनं तो हळूहळू खोटा होत जातो, आणि माझ्या मते हे जास्त वाईट, कारण थकलेला माणूस निदान थकलोय हे कबूल करतो.

पौलाच्या पत्रांत या दोन वाटा वेगळ्या काढता येत नाहीत. गलतीकरांना लिहिताना तो आत्म्याच्या फळाचे नऊ पैलू सांगतो. प्रीतीपासून सुरुवात होते आणि इंद्रियदमनाशी यादी संपते. फळ म्हटलं की ते लागतं, ते कुणी कारखान्यात घडवत नाही. पण हाच पौल करिंथकरांना शर्यतीतल्या धावपटूचा दाखला देतो, आपण आपल्या शरीराला कसं राबवतो ते सांगतो. फिलिप्पैकरांना तर एका दमात दोन्ही गोष्टी सांगतो: तुम्ही झटा, कारण तुमच्या आत झटणारा देव आहे. हा ‘कारण’ पचवायला ख्रिस्ती विचाराला शतकं लागली, आणि पूर्ण पचला आहे असं अजूनही म्हणवत नाही.

मला यातून जे कळतं ते असं. समर्पणानं इच्छाशक्ती वाढत नाही. ती ज्या मालकासाठी राबते, तो मालक बदलतो. मालक बदलला की माणसाला सगळ्यात आधी मिळते ती स्वतःबद्दल खरं बोलण्याची मुभा. ताबा येतो तो त्यानंतर, सावकाश, आणि रोजच्या हिशेबातून.

ऑगस्टिनची स्वतःची गोष्ट इथे नीट पाहिली पाहिजे, कारण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत तो स्वतःशी झगडत होता. मन हाताला हुकूम देतं आणि हात लगेच हलतो, पण मन मनालाच हुकूम देतं तेव्हा ते ऐकत नाही, हे कोडं त्यानं तिथे मांडलं. उत्तरही त्यानंच शोधलं: हुकूम देणारं मन पूर्ण मनानं हुकूम देतच नाही. अर्धं मन सोडायला निघालेलं असतं आणि अर्धं धरून बसलेलं. म्हणजे दुबळेपणा हा मूळ रोग नाही, दुभंगलेपण हा रोग आहे. दुभंगलेल्या माणसाला आणखी जोर लावायला सांगितलं तर दोन्ही बाजू जोर लावतात. शेवटी एका मुलाचा आवाज ऐकून त्यानं पौलाचं पत्र उघडलं आणि त्याची आतली ओढाताण थांबली. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला बिशप ॲम्ब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

बागेआधीचं वर्ष मात्र प्रवचनांत येत नाही. दहाहून अधिक वर्षं त्याच्याबरोबर राहिलेली, त्याच्या मुलाची आई असलेली स्त्री त्याच्या लग्नाच्या आड येत होती, म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. ठरलेली वधू वयात यायला दोन वर्षं होती. तेवढाही धीर ऑगस्टिनला धरवला नाही, त्यानं मधल्या काळासाठी दुसरी बाई जवळ केली. परत गेलेल्या स्त्रीनं मात्र यापुढे दुसऱ्या पुरुषाला जवळ करणार नाही, असं व्रत घेतलं. आपल्याला तिचं अनुकरण जमलं नाही, हे ऑगस्टिननंच लिहिलंय. तिचं नाव मात्र त्यानं लिहिलं नाही. बाग, झाड, आकाशातून आल्यासारखा आवाज, यांतलं काहीही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. संयमाच्या इतिहासात ती ऑगस्टिनच्या आधी पोचली, असं मला वाटतं.

आणि बागेनंतर काय झालं? ‘कन्फेशन्स’ लिहिलं तेव्हा ऑगस्टिन बिशप होऊन बसला होता. तरी दहाव्या प्रकरणात तो स्वतःची झडती घेतो तेव्हा काय सापडतं? जुनी स्वप्नं अजून पडतात. भूक भागवण्यापुरतं खाणं आणि चवीसाठी खाणं यांतली सीमा कळत नाही. भजन ऐकताना अर्थापेक्षा सूर जास्त गोड लागतो. घरात बसलं की पाल माशी कशी पकडते, इकडेच लक्ष जातं. लोकांनी केलेली स्तुती आवडते, आणि ती आवडू नये म्हणून केलेल्या खटाटोपाचीही स्तुती व्हावीशी वाटते. बागेत सगळं मिटलं असतं, तर हे प्रकरण लिहिण्याची गरज नव्हती. समर्पणानंतर झगडा संपत नाही. तो उजेडात येतो एवढंच. पूर्वी हीच माहिती त्याला लाजिरवाणी वाटली असती. आता ती तो सगळ्या जगासमोर, देवाला उद्देशून, पानंच्या पानं लिहू शकतो.

याच प्रकरणामुळे एक मोठा वाद पेटला. देवा, तुला हवं ते सांग, पण जे सांगशील ते करण्याचं बळही तूच दे, अशा आशयाची विनवणी ऑगस्टिननं त्यात केली आहे. रोममध्ये राहणारा ब्रिटनचा संन्यासी पेलॅगियस ती ऐकून भडकला. त्याचं म्हणणं साधं होतं. देवानं आज्ञा दिली, त्या अर्थी माणसाला ती पाळता येते. बळही तूच दे म्हणणारा माणूस आळशीपणाला धर्माचं पांघरूण घालतोय. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलॅगियसची मतं धिक्कारली आणि तेव्हापासून चर्चमध्ये त्याचं नाव शिवीसारखं वापरलं जातं. मला तो माणूस आवडतो. रोममधले प्रतिष्ठित ख्रिस्ती ‘आम्ही पडलो दुबळे’ म्हणत ऐषआरामात लोळत असलेले त्यानं पाहिले होते. त्याचा राग खरा होता. आजच्या प्रार्थनासभेत दर आठवड्याला तेच पाप सोपवणाऱ्या माणसावर त्यानं जे कोरडे ओढले असते, ते ऐकण्यासारखे असते.

पण पेलॅगियसकडे आलिपियससाठी उत्तर नाही. तू अजून जोरानं डोळे मिटायला हवे होतेस, एवढंच तो सांगू शकतो. मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात उपाशी माणसाचे विषय सुटतात पण गोडी सुटत नाही, ती परमतत्त्व दिसल्यावरच सुटते, असं म्हटलं आहे, आणि स्थितप्रज्ञावर प्रवचनं ऐकत आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या आहेत. ना. वा. टिळक तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं म्हणत. हे साम्य ताणू नये, दोन्हींकडचा देव आणि दोन्हींकडचा माणूस वेगळा आहे. पण विषय सुटणं आणि गोडी सुटणं या दोन गोष्टी आहेत, इतकं मान्य असलेल्या वाचकाशी पुढचं बोलणं सोपं होतं.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. या माणसाकडे इच्छाशक्तीची कमतरता कधीच नव्हती. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं, एक टोक बाहेर आलं. दरबारी फॅशनचे घट्ट बूट त्या पायावर बसणार नाहीत म्हणून त्यानं ते हाड कापून घेतलं. भूल देण्याची सोय त्या काळात नव्हती. मुठी आवळून त्यानं ते सहन केलं. संयमाची परीक्षा घ्यायची तर याहून मोठी कोणती? आणि हे सगळं कशासाठी, तर बुटासाठी.

त्याच अंथरुणावर त्यानं ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं वाचली आणि त्याचा मार्ग बदलला. पण सवय बदलली नाही. १५२२ साली मानरेसाला तो तपश्चर्येला बसला. पूर्वी केसांचा दिमाख होता म्हणून आता केस विंचरायचे नाहीत, नखं कापायची नाहीत. दिवसाचे सात तास प्रार्थना. तरी जुन्या पापांच्या शंका पाठ सोडेनात. कबुली दिली, पण नीट दिली का? एखादं पाप राहिलं का? तो पुन्हा पुन्हा कबुलीला जाई. आत्महत्येचे विचार येऊ लागले. शेवटी त्यानं ठरवलं, देव शांती देत नाही तोवर अन्नपाणी बंद. रविवारपासून रविवारपर्यंत एक घासही घेतला नाही. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूला हे कळलं तेव्हा त्यानं उपास सोडण्याची आज्ञा दिली.

इथे क्षणभर थांबावं. एक आठवडा निर्जळ आणि निराहार राहण्याचा निग्रह ज्याच्याकडे आहे, त्याला सगळ्यात अवघड काय गेलं असेल? जेवायला बसणं. उपास हे देवाशी चाललेलं धरणं होतं, आणि धरण्याला बसलेला माणूस वरून कितीही नम्र दिसला तरी अटी त्याच्याच असतात. इग्नेशियस जेवला. शंका दोन दिवसांनी परत आल्या, पण त्यानंतर त्या गेल्या. झालेल्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही, हे त्यानं ठरवलं. मानरेसालाच त्यानं नखं कापली, केस कापले. अंगाची ही काळजी पुन्हा घेऊ लागणं, हे मला त्या सगळ्या वर्षातलं सगळ्यात खरं समर्पण वाटतं. त्यात मिरवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

याचा अर्थ त्यानं साधना सोडली असा नाही, उलट ती जास्त काटेकोर केली. ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तकाला १५४८ साली पोप पॉल तिसरे यांची मान्यता मिळाली. त्यात एका विशिष्ट दोषावर नजर ठेवण्याची पद्धत दिली आहे. सकाळी उठताना तो दोष आठवायचा. दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर, किती वेळा घसरलो ते मोजायचं. कागदावर दिवसागणिक रेघा आखायच्या आणि प्रत्येक घसरणीमागे एक ठिपका द्यायचा. मग सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी, हा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. बनियाच्या वहीसारखा कोरडा हिशेब. देवाला सर्वस्व वाहण्याची प्रार्थना ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकात ठिपकेही आहेत, हे प्रार्थनासभेतल्या मंडळींनी ध्यानात घ्यावं. आणि त्याच १५४८ साली फ्रान्सिस बोर्जिया या सरदाराला लिहिलेल्या पत्रात इग्नेशियसनं त्याला उपास आणि देहदंड कमी करायला सांगितलं, शरीरही देवाचंच आहे म्हणून. ही परंपरा आपल्यापासून लांब नाही. इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला, आणि गोव्यात, मुंबईत जेझुइटांच्या मार्गदर्शनाखाली ही साधना आजही लोक करतात.

आता प्रश्न असा, की ठिपके मोजणाऱ्या दोन माणसांत फरक काय? एक देवाला शरण गेलेला, एक स्वतःच्या जिद्दीवर उभा. कागद दोघांचा सारखाच दिसेल. फरक दिसतो तो घसरल्यानंतरच्या तासाभरात.

१९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव तपासण्याच्या निमित्तानं हवं तेवढं आइस्क्रीम खायला सांगितलं. एरवी खाण्याचा फार विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, ते स्वाभाविकच. कायम खाण्यावर बंधन ठेवणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक न पिता जितकं खाल्लं असतं त्याहून जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता कशाला मागे राहायचं, हा हिशेब. दारू सोडलेल्या माणसाचा पहिला पेला आणि दहावा पेला यांच्यात जे अंतर असतं, ते बहुतेक वेळा या हिशेबानंच कापलं जातं.

स्वतःवर उभारलेल्या संयमाचं हे मर्म आहे. तिथे प्रत्येक घसरण हा आपल्या किमतीवर लागलेला निकाल असतो. निकाल सहन होत नाही, म्हणून एक तर घसरण लपवावी लागते किंवा तिच्यातच बुडून जावं लागतं. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा असा आहे की माणसाच्या किमतीचा निकाल आधीच लागला आहे, क्रुसावर, आणि तो त्याच्या बाजूनं लागला आहे. हा दावा खरा मानायचा की नाही हा श्रद्धेचा भाग. पण तो मानणाऱ्या माणसाच्या हातात ठिपक्याचा अर्थ बदलतो, हे मान्य करायला श्रद्धा लागत नाही. ठिपका ही फक्त माहिती उरते. ती लपवायची गरज नाही, तिच्यावरून कोसळायची गरज नाही. त्याच संध्याकाळी पुढची रेघ आखता येते. कबुलीचा संस्कार याचसाठी आहे, आणि ज्या प्रॉटेस्टंट मंडळींनी तो संस्कार सोडला त्यांनाही एकमेकांपाशी पाप कबूल करण्याची गरज सोडता आली नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात १९३५ साली हे अगदी उघडं झालं. डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांना दोन वर्षांहून अधिक काळ जात होता. लूथरन पाळक फ्रँक बुकमन याची ही चळवळ, तिच्यात संपूर्ण समर्पणावर भर. बॉब प्रार्थना करी, बायबल वाची आणि दारूही पिई. त्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामानं ॲक्रनला आला. काम फसलं, हॉटेलच्या बारमधला आवाज कानावर येत होता, आणि पाच-सहा महिन्यांपूर्वी दारू सुटलेल्या बिलला कळलं की आज आपण वाचत नाही. त्यानं चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली: मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. अशा रीतीनं तो बॉबपर्यंत पोचला. बिलनं उपदेश केला नाही. स्वतःची हकिकत सांगितली. १० जून १९३५ या दिवशी बॉबनं शेवटचा घोट घेतला, आणि ज्यांना भेटायची त्याला धास्ती वाटत होती त्यांच्या दारी तो त्याच दिवशी जाऊन आला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीचा जन्म त्या दिवसाचा मानतात.

बॉबच्या दोन वर्षांच्या प्रार्थना खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण देवाला शरण जाणं सोपं असतं, कारण देव उलट प्रश्न विचारत नाही, असं निदान आपल्याला वाटतं. शेजारी बसलेला दुसरा दारुडा विचारतो, आणि त्याला फसवता येत नाही. पुढे लिहिलेल्या बारा पायऱ्यांची रचना पाहा. पहिल्या पायरीवर हतबलता कबूल करायची, तिसरीवर आपली इच्छा देवाच्या हाती द्यायची. इथे थांबलं असतं तर ती आणखी एक प्रार्थनासभा झाली असती. पण चौथीवर स्वतःची नैतिक झडती लिहून काढायची आहे, पाचवीवर ती दुसऱ्या माणसासमोर वाचायची आहे, आठवी-नववीवर ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करून भरपाई करायची आहे, आणि दहावीवर हे रोज चालू ठेवायचं आहे. इग्नेशियसचे ठिपके इथे वेगळ्या वाटेनं परत आले आहेत. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले, आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य उपचारांच्या तोडीची किंवा त्यांहून सरस असल्याचं निघालं. या बैठकांत देव कुणी कसाही कल्पावा अशी सूट आहे. कडव्या ख्रिस्ती लोकांना ती खटकते. मला ती सूट त्या चळवळीच्या नम्रतेचाच भाग वाटते, पण आधीच्या मुद्द्याला त्यामुळे एक अडचण येते, ती टाळू नये. ज्याला क्रूस मान्य नाही त्याचीही दारू सुटते. मग समर्पण ख्रिस्ताला असण्याची गरज काय? माझं उत्तर असं, की दारू सुटणं हे ख्रिस्ती समर्पणाचं उद्दिष्टच नव्हतं, ती वाटेत घडणारी गोष्ट होती. ख्रिस्ती माणसाला ताबा हवा असतो तो प्रीती करता यावी म्हणून. पौलाच्या यादीचं पहिलं नाव ते आहे.

यापेक्षा गंभीर अडचण दुसरीकडे आहे. समर्पण कुणाला? देव दिसत नाही, त्यामुळे त्याच्या वतीनं हात पुढे करणारे पुष्कळ असतात. मतिमंद म्हणून दूर सारलेल्या माणसांबरोबर राहणाऱ्या ‘लार्श’ समुदायांचे संस्थापक जाँ व्हानिए हे जगभर हयातीतच संत मानले गेले होते. २०१९ साली ते वारले. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याच संस्थेनं करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल आला. १९७० ते २००५ या काळात आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं, असं त्यातून पुढे आलं. नम्रता, समर्पण, स्वतःला रिकामं करणं हे सगळं शब्दभांडार त्यांच्या पुस्तकांत होतं. आणि हे लांब फ्रान्समध्येच घडतं असं नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘प्रभूला अर्पण कर’ म्हणून घरी परत पाठवणारे आपल्याकडेही आहेत. अशा वेळी संयम तिला शिकवला जातो. ज्याचा हात उठतो, त्याला कुणी शिकवत नाही.

या बाबतीत मराठी ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंइतकं स्पष्ट कुणी वागलं नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्म्याबरोबर आपला विवेक धर्माधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावा, ही अपेक्षा त्यांनी साफ धुडकावली. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांचं म्हणणं ठाम आहे: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचं जोखड मानेवर घ्यायला मी आलेली नाही. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हाही त्या बधल्या नाहीत. इंग्लिश भगिनींना हा गर्व वाटला. पण याच बाईंनी १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत सांगितलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो १८९१मध्ये मिळाला. माणसांपुढे न वाकणारी ही स्त्री देवापुढे वाकली ती अशी. त्यानंतरचं त्यांचं आयुष्य पाहिलं तर समर्पणानं माणूस निष्क्रिय होतो हे म्हणायची सोय राहत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना गोळा करून आणणं, केडगावला मुक्ती मिशन उभं करणं, तिथली शेती, छापखाना, विणकाम, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. शेवटचं हे काम हातावेगळं करून १९२२ साली त्या गेल्या. जेराल्डीनबाईंना जो हट्ट वाटला, त्याच्याशिवाय यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

तेव्हा खऱ्या समर्पणाची एक व्यवहारी खूण मला अशी दिसते, की ते माणसाला सत्ताधाऱ्यासमोर मोकळं करतं आणि सत्ताधाऱ्याला स्वतःसमोर उभं करतं. आपल्या चर्चमध्ये संयमाचे पाठ बहुतेक तरुणांना, स्त्रियांना आणि गरिबांना मिळतात: मोबाइल, कपडे, प्रेमप्रकरणं, दारू. ज्यांच्या हातात संस्थेचे पैसे आहेत, जमिनीचे व्यवहार आहेत, नेमणुका आहेत, त्यांच्यासाठी या विषयावर साधनाशिबिर ठेवल्याचं फारसं ऐकू येत नाही. पौलाला हा भेद माहीत नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात तो कैसरियाला कैदेत आहे आणि रोमन सुभेदार फेलिक्स त्याला बायकोसह ऐकायला बसला आहे. सुटका या माणसाच्या हातात. अशा वेळी पौलानं विषय काढले ते न्यायाचे, संयमाचे आणि येणाऱ्या निवाड्याचे. फेलिक्स घाबरला आणि म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावीन. त्यानं पुढे बरेचदा बोलावलंही, पौलाकडून पैसे मिळतील या आशेनं. दोन वर्षांनी फेलिक्सची जागा दुसऱ्यानं घेतली, तोवर लाच कुणी दिली नव्हती, आणि जाताना फेलिक्सनं पौलाला कैदेतच ठेवलं.